‘जमणार नाही’ची कुळकथा

नवा फाइव्ह-जी फोन नेटवर्कला पहिल्यांदा भेटतो तेव्हा कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात होते तशी चौकशी होते. तुला काय काय येतं, असं नेटवर्क विचारतं आणि फोन उत्तरादाखल भलंमोठं बाड पुढे करतो. कोणते बँड जमतात, अँटेना किती, एका वेळी किती कॅरिअर, म्हणजे वाहक-पट्टे, जोडता येतात, सगळं त्यात असतं. या बाडात खोल कुठेतरी १ ते ८ च्या दरम्यानचा एक लहानसा आकडा असतो. त्याचा मतलब असा: ‘एका कॅरिअरवर एका वेळी एवढीच गणितं करीन. वर मागाल तर जमणार नाही.’

ही गणितं असतात वाटेच्या हालहवालीची. टॉवरपासून फोनपर्यंतची हवेतली वाट या क्षणी कशी आहे, हे फोन मोजतो आणि टॉवरला कळवतो. या माहितीला चॅनल स्टेट इन्फर्मेशन, म्हणजे सीएसआय म्हणतात आणि ती काढण्याच्या फोनमधल्या जागांना सीएसआय प्रोसेसिंग युनिट. आद्याक्षरं जुळवली की होतं सीपीयू. नाव ठेवणाऱ्यांनी इथे आळस केला, असं माझं स्पष्ट मत आहे. सीपीयू म्हटलं की चिप डोळ्यांपुढे येते. फोन उघडून भिंग लावून बसलात तरी ही युनिटं सापडायची नाहीत, कारण ते हिशेबाचं एकक आहे, तोळा-मासा असतो तसा. फोनने किती कामाला हो म्हणायचं आणि कुठे हात वर करायचे, याचं ते माप. एके काळी सांगितलं ते निमूट करणाऱ्या या यंत्राला हात वर करायचा हक्क मिळाला कसा, त्याची ही गोष्ट.

कूळ शोधायचं तर समुद्रावरच्या बोटींपर्यंत मागे जावं लागतं. १९१२ साली लंडनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओटेलिग्राफ परिषदेत क्यू-संकेतांची यादी मान्य झाली. त्यात ‘क्यूआरके’ ही तीन अक्षरं प्रश्न म्हणून पाठवली की अर्थ व्हायचा, माझं तुला कसं ऐकू येतंय? पलीकडच्या ऑपरेटरने कान देऊन ऐकायचं आणि सांगायचं. १९३४ साली आर्थर ब्राटेन या अमेरिकन हौशी रेडिओवाल्याने या उत्तराला आकड्यांची शिस्त लावली. वाचनीयता १ ते ५, जोर १ ते ९, स्वर १ ते ९. सगळं उत्तम असेल तर ५९९. हॅम म्हणवणारी ही हौशी मंडळी आजही हीच पद्धत वापरतात. गंमत अशी, की स्पर्धा सुरू असली की मोजत कुणीच बसत नाही. समोरच्याचा संदेश कसाबसा कानावर येत असला तरी ५९९ ठोकून पुढच्याकडे वळतात. मोजायला वेळ नसतो, आणि रिपोर्टाची ती जागा रिकामी सोडायची सोय नसते. हे ५९९ लक्षात असू द्या, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

कान जाऊन यंत्र आलं, तोवर या प्रश्नाला सिद्धान्ताचं बळही मिळालं होतं. पाठवणाऱ्याला वाटेची अवस्था आधीच ठाऊक असेल तर काय फरक पडतो, यावर क्लॉड शॅनन यांनी १९५८ साली निबंध लिहिला. पण पाठवणाऱ्याला ती अवस्था सांगणार कोण? ऐकणाराच. आणि सांगायला त्याला वेळ, वीज आणि डोकं खर्च करावं लागणार. हा खर्च कुणी मोजायचा, हा प्रश्न पुढे बरीच वर्षं कुणाला पडला नाही, कारण खर्चच फारसा नव्हता.

जीएसएमचा फोन घ्या. कॉल सुरू असताना तो दर ४८० मिलिसेकंदांनी रिपोर्ट धाडायचा. सिग्नलचा जोर ० ते ६३, दर्जा ० ते ७, शिवाय शेजारच्या सहा टॉवरांचा जोर. सेकंदाला जेमतेम दोन रिपोर्ट, आणि आत डोकं चालवण्यासारखं काही नाही. थर्मामीटर लावला, पारा वाचला, सांगितला. असल्या कामाला कुणी कशाला नाही म्हणेल?

इंटरनेट फोनमध्ये शिरलं तेव्हा हे बदललं. कॉलला ठरावीक वेगाची धार लागते, डेटाला जमेल तेव्हा जमेल तेवढं ओतलं तरी चालतं. वाट साफ असेल त्या क्षणी भरपूर ओता, खड्डा आला की हात आखडा. त्यासाठी खड्डे क्षणाक्षणाला कळायला हवेत. क्वालकॉमच्या मंडळींनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या एचडीआर पद्धतीत, जी पुढे ईव्ही-डीओ नावाने बाजारात आली, फोन सेकंदाला ६०० वेळा टॉवरला सांगायचा, ‘आत्ता मला अमुक वेगाने पाठव’. आपल्याकडे टाटा फोटॉन प्लसचे डाँगल लॅपटॉपच्या कडेला खोचून ज्यांनी दिवस काढले, त्यांच्या डाँगलमध्ये हीच यंत्रणा होती. डाँगल तापायचा त्याचं सगळं पाप या रिपोर्टांवर घालता येणार नाही, पण तो बसल्या बसल्या किती बडबड करत होता ते यावरून कळावं.

इथे रिपोर्टाची जातच बदलली. ‘आवाज किती मोठा’ हे मोजमाप होतं. ‘इतकं पाठव, मी पेलीन’ हा शब्द दिल्यासारखं झालं. मोबाइल मानकांच्या आवृत्त्यांना रिलीज म्हणतात; २००२ च्या रिलीज ५ मध्ये थ्री-जीत एचएसडीपीए आलं आणि हा शब्द नियमात बांधला गेला. फोनने ० ते ३० यांपैकी एक आकडा द्यायचा, आणि तो असा निवडायचा की त्या आकड्याचं पुडकं आलं तर चुकण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये. म्हणजे नुसतं मोजून भागेना, आपल्या रिसीव्हरची ऐपत लक्षात घेऊन अंदाज बांधावा लागू लागला. थर्मामीटरचा वैद्य झाला.

एलटीईत, म्हणजे फोर-जीत, २००८ च्या रिलीज ८ मध्ये, हा आकडा चार बिटांत बसवला. चार बिटं म्हणजे सोळा पायऱ्या, आणि आपल्याकडच्या माणसाला सोळा म्हटलं की आणे आठवतात. गावोगाव पिकाची आणेवारी काढायचे, आता तिला पैसेवारी म्हणतात, तशीच ही वाटेची आणेवारी. शून्य म्हणजे काही पिकलंच नाही, पाठवू नकोस. एक म्हणजे एका चिन्हात जेमतेम ०.१५२३ बिट. पंधरा म्हणजे भरघोस, ५.५५४७ बिट. तलाठ्याच्या आणेवारीसारखाच यातही नजरअंदाज असतो, आणि तिच्यासारखंच यावर पुढचं सगळं वाटप ठरतं. फरक एवढाच की टॉवर हा आकडा शिफारस म्हणून घेतो, त्याच्यावर सक्ती नाही.

पण एलटीईच्या फोनला एवढ्यावर सुटका नव्हती. टॉवरवर अनेक अँटेना आल्या होत्या. किती प्रवाह एकदम पाठवू आणि अँटेनांचे सिग्नल कोणत्या मेळाने जुळवू, हेही फोननेच सुचवायचं होतं. मेळांची यादी दोघांकडे आधीच असते, फोन नुसता क्रमांक कळवतो. यादीतला योग्य क्रमांक शोधायचा म्हणजे एकेक मेळ मनातल्या मनात लावून पाहायचा. तरी चार अँटेनांपर्यंत ते आवाक्यात होतं. विनंती आली की चार मिलिसेकंदांनी उत्तर, असा नियम होता आणि चिप बनवणारे त्या हिशेबाने चिप बनवत होते. हात वर करायची वेळ आली नव्हती.

ती आणली कॉम्पने. दोन-तीन टॉवरांनी आपापसांत ठरवून एकाच फोनची सेवा करायची, अशी ही २०१२-१३ मधल्या रिलीज ११ ची कल्पना. दोन सेलच्या सीमेवर बसलेल्या बिचाऱ्याला दोन्हीकडून ओरडा ऐकू येतो, त्याऐवजी त्यांनी सूर जुळवून गावं. कल्पना सुंदर होती. कागदावर रंगली तेवढी रस्त्यावर उतरली नाही, ते वेगळं. पण सूर जुळवायचे तर टॉवरांना फोनकडून जर-तरची उत्तरं हवी होती. पहिला टॉवर बोलला आणि दुसरा गप्प बसला तर वाट कशी? दुसरा बोलला, पहिला गप्प तर? दोघंही बोलले तर? एका वाटेच्या तीन-चार कल्पित वाटा झाल्या, आणि प्रत्येकीचं गणित स्वतंत्र. अशा प्रत्येक जर-तरला सीएसआय प्रोसेस असं नाव पडलं.

आणि इथे प्रथमच फोनला विचारण्यात आलं की बाबा, तुला किती झेपतील? उत्तरं तीनच ठरली होती: १, ३ किंवा ४. त्याच्या जोडीला मानक ३६.२१३ मध्ये एक वाक्य आलं. आधीच्या विनंतीची उत्तरं बाकी असताना नवी विनंती येऊन थडकली, तर लहान क्रमांकाच्या जेवढ्या प्रोसेस झेपतील तेवढ्याच ताज्या करायच्या. उरलेल्या ताज्या करण्याची फोनकडून अपेक्षा नाही. ‘अपेक्षा नाही’ हे शब्द सभ्य आहेत. सगळ्या कुळकथेतला मूळ पुरुष मात्र हेच वाक्य. खापरपणजोबाचा एकुलता एक धूसर फोटो असतो ना, तसं ते त्या जाडजूड दस्तऐवजात एका कोपऱ्यात बसलेलं आहे.

फाइव्ह-जीत अँटेनांच्या दारांची, ज्यांना पोर्ट म्हणतात, संख्या ३२ वर पोहोचली होती. फोनपुढचं काम किती वाढलं ते एकदा जवळून पाहू. ३२ पोर्ट म्हणजे दोन ध्रुवणांचे सोळा-सोळा. सोळांची मांडणी चार बाय चार धरली, तर आडव्या दिशेत १६ आणि उभ्या दिशेत १६ अशा एकूण २५६ दिशांचे झोत यादीत येतात. दोन ध्रुवणं एकमेकांशी जुळवायच्या ४ तऱ्हा. २५६ गुणिले ४, १०२४ उमेदवार झाले, तेही फक्त एक प्रवाह पाठवायचा असेल तर. दोन, तीन, चार प्रवाहांच्या याद्या वेगळ्या. शिवाय पट्ट्याचे तुकडे करून तुकड्यागणिक वेगळं उत्तर मागायची मुभा टॉवरला आहे. शहाणा फोन सगळे उमेदवार तपासत नाही, आडवाटा शोधतो. तरीही हे काम थर्मामीटरचं राहिलेलं नाही.

त्यात रिपोर्टांचे प्रकार वाढले. काही नियमित, ठरल्या वेळी जाणारे. काही एकदा चालू केले की बंद करेपर्यंत चालणारे. काही टॉवरने चुटकी वाजवली की लगेच हवे असलेले. या सगळ्यांना पुरे पडेल अशी चिप प्रत्येक स्वस्त फोनमध्ये घालायची, तर फोन स्वस्त राहत नाही. नेटवर्कवाल्यांना रिपोर्ट जास्त हवे, चिपवाल्यांना कमी, आणि ही मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संघटनेत निर्णय सहमतीने होतात. २०१८ च्या मध्यापर्यंत तोडगा मानक ३८.२१४ मध्ये उतरला. प्रत्येक रिपोर्टाला किती जागा लागतात ते ठरवून टाकायचं, फोनने आपल्याकडे किती जागा आहेत ते आधी सांगायचं, आणि जागा संपल्या की उरलेल्यांनी खाली उतरायचं. कॅरिअरमागे १ ते ८, सगळे कॅरिअर मिळून ५ ते ३२.

ही पद्धत समजून घ्यायला एसटीचा अनुभव पुरतो. गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, माणूस मागाहून चढतो. इथेही तेच. टॉवरची चुटकी संपली की लगेच पुढच्या चिन्हापासून, म्हणजे प्रक्षेपणातल्या पुढच्या सूक्ष्म तुकड्यापासून, जागा धरलेली, मोजायचा सिग्नल अजून यायचाच असला तरी. आणि ती सुटते रिपोर्टाचं शेवटचं चिन्ह हवेत गेल्यावर. मधे गणित संपून फोन निवांत बसला असेल, तरी रुमाल जागेवरच. नुसता झोताचा जोर सांगणारा रिपोर्ट एका जागेचा. वाटेचा पुरता रिपोर्ट असेल तर मोजायला जितके सिग्नल-स्रोत दिले असतील तितक्या जागा.

आता समजा फोनने ४ सांगितलेत. एक नियमित रिपोर्ट आधीच एका जागेवर बसलाय. टॉवर एका चुटकीत तीन रिपोर्ट मागतो: एक झोताचा, म्हणजे एका जागेचा, एक चार स्रोतांचा, आणि शेवटी एका स्रोताचा. रिकाम्या जागा तीन. झोताचा मान पहिला, कारण झोत हरवला तर बोलणंच खुंटतं. तो बसला, दोन उरल्या. चौघांच्या कुटुंबाला दोन जागा पुरत नाहीत, आणि कुटुंब फोडून बसवायची सोय नाही, म्हणून ते बाहेर. शेवटचा एकटा मात्र आरामात बसला असता. त्यालाही बसू देत नाहीत! मानाच्या क्रमाने जिथे बेरीज अडली तिथे रांग तोडायची, मागच्याने पुढच्याला ओलांडून चढायचं नाही. दोन जागा रिकाम्या ठेवून गाडी सुटते.

मला हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा खुळचट वाटला होता. नंतर कळलं की त्यात मेख आहे. जागा भरण्याचं चातुर्य फोनवर सोडलं असतं तर प्रत्येक कंपनीच्या फोनने आपापली शक्कल लढवली असती, आणि कोण बसलं, कोण उतरलं ते टॉवरला कळलं नसतं. मोजायला सोपा नियम दोन्हीकडे सारखाच मोजला जातो. म्हणूनच आधी बसलेल्याला उठवायचंही नाही, असंही ठरलं. मानाचा क्रम फक्त एकाच क्षणी दारात आलेल्यांना लागू. आधी बसलेला नियमित रिपोर्ट मानाने सगळ्यांत खालचा असतो, तरी जागेचा ताबा त्याचा.

मानाचं सूत्रही मजेचं आहे. चुटकीचा रिपोर्ट सगळ्यांत वर, नियमित सगळ्यांत खाली. त्याच जातीत झोताचा आधी. मग सेलचा क्रमांक, शेवटी रिपोर्टाचा स्वतःचा क्रमांक. आकडा जितका लहान तितका मान मोठा.

आणि गाडी पूर्ण रिकामी असेल तर? मागणी हलकी असेल, म्हणजे चारापर्यंत पोर्ट आणि सगळ्या पट्ट्याला मिळून एकच उत्तर, शिवाय उत्तराबरोबर दुसरा डेटा न्यायचा नसेल, तर अख्खी गाडी त्या एकट्याला देतात. बदल्यात त्याने झपाट्याने पोहोचायचं. आपल्याकडच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या फाइव्ह-जीत एक चिन्ह सुमारे ३६ मायक्रोसेकंदांचं असतं. अख्खी गाडी मिळाली तर १३ चिन्हांत, म्हणजे अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत उत्तर. गाडीत इतर कुणी असेल तर त्याच हलक्या कामाला ३३ चिन्हं. जड कामाला ७२, म्हणजे सुमारे अडीच मिलिसेकंद.

उतरवलेल्या रिपोर्टाचं काय होतं? हा या कथेतला माझा आवडता भाग. तो जातो! जागा न मिळालेला रिपोर्टही ठरल्या वेळी ठरल्या लांबीचा पाठवला जातो, कारण उत्तराची लांबी आधीच ठरलेली असते आणि ऐन वेळी ती बदलली तर पलीकडे वाचताच येणार नाही. फक्त आतला आकडा ताजा असण्याचं बंधन उठतं. म्हणजे हॅमचं ५९९. मोजलेलं नाही, पण रकाना भरलेला. फरक इतकाच की इथे टॉवरकडेही तीच खातेवही आहे. फोनच्या जागा किती, कोण कधी बसलं, कोणती चुटकी कधी वाजवली, सगळं त्याला ठाऊक. कोणत्या ५९९ वर भरवसा ठेवायचा नाही हे तो स्वतः मांडून काढू शकतो. अर्थात एखादी चुटकी फोनला ऐकूच गेली नाही तर दोन वह्यांचा मेळ बिघडतो, आणि उत्तर आलं नाही हे पाहूनच टॉवरला तो नीट करावा लागतो.

फोनचा सीपीयूचा आकडा वाढवला की प्रश्न सुटला, असं मात्र नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ताशी १०० च्या वेगाने निघालेल्या गाडीतला फोन अडीच मिलिसेकंदांत सात सेंटीमीटर पुढे सरकतो. ३.५ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेआठ सेंटीमीटर, आणि तिच्या निम्म्यात वाटेचं रूप पार पालटू शकतं. म्हणजे अगदी मानाने बसवलेला, सगळ्या जागा मिळालेला रिपोर्टही पोहोचेपर्यंत मागच्या गावचा झालेला असतो. यावर रिलीज १८ ने असा मार्ग काढला की फोनने मागचे काही ठसे पाहून पुढची वाट कशी असेल त्याचं भाकीत धाडावं. भाकिताला अर्थातच जास्त जागा लागतात. त्याच रिलीजमध्ये यंत्रशिक्षणाने रिपोर्ट बनवण्याचा अभ्यासही झाला, तो ३८.८४३ या तांत्रिक अहवालात आहे. न्यूरल नेटवर्कने काढलेला रिपोर्ट याच जुन्या जागांत मोजायचा की त्याची गाडीच वेगळी करायची, यावर पुढे वाद झाले.

फोनच्या खोक्यावर मेगापिक्सेल छापतात, बॅटरीचे एमएएच छापतात, रॅम छापतात. १ ते ८ मधला हा आकडा तिथे छापत नाहीत.